लहानीचा डबा

आधीच सांगते. खाली "मॅडम, छान लिहिता" अशी कमेंट टाकू नका. मी लेखिका नाही. मी लोकांची शी तपासायची. सोळा वर्षं तेच काम केलं. जे माझ्या घरात घडलं तेच सांगतेय. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर राहू द्या.

माझं नाव ज्योत्सना. घर कारध्याला, वैनगंगेच्या पुलाजवळ. नोकरी भंडाऱ्यात, कॉलऱ्याच्या एका संशोधन प्रकल्पात. कॉलरा म्हणजे पटकी. खेड्यातली म्हातारी माणसं अजून मरीच म्हणतात.

गाव लाखांदूर तालुक्यातलं, तलावाकाठचं. नाव सांगणार नाही, तिथल्या लोकांना राहायचं आहे. दिवस मागच्या वर्षीच्या पोळ्यानंतरचा. वेळ सकाळी सव्वासहाची. अंधार नाही, अमावस्येची रात्र नाही. चांगला लख्ख उजेड होता.

त्या गावात पंधरा दिवसांत अकरा जणांना पटकी झाली होती. आम्ही चाळीस घरांवर नंबर टाकले होते. संध्याकाळी निळ्या झाकणाचे पांढरे डबे वाटायचे, सकाळी भरलेले गोळा करायचे. बोलायला सोपं आहे. कोणी डबा शेवयांच्या पिशवीत घालून देतं. कोणी बाहेरून ओघळलेला तसाच हातावर ठेवतं. एका घरी तर तो चुलीजवळ, पिठाच्या डब्याला लागून ठेवलेला होता.

किळस मेल्याशिवाय हे काम होत नाही. माझी केव्हाच मेली होती. असं मला वाटायचं.

खरं म्हणजे त्या दिवशी जायलाच नको होतं. ती नारबोदीची सकाळ होती. पोळ्याला दारासमोर पळसाच्या फांद्या रोवतात. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्या उपटून, ओरडत ओरडत, गावाच्या शिवेवर नेऊन टाकतात. गावातली सगळी रोगराई त्यांच्यासोबत जाते. आणि शिवेवर टाकलेलं कोणी उचलत नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण आमच्या अश्वजित सरांच्या कॉम्प्युटरमध्ये तारीख पडली होती. त्या कॉम्प्युटरला काय माहीत नारबोद?

शिवेजवळ मिरवणूक समोरून येत होती, म्हणून लिलाधरभाऊंनी जीप बाजूला घेतली. ते आमचे ड्रायव्हर.

"मॅडम, दहा मिनिटं थांबा जी. लोकायले जाऊ द्या."

माझ्याने कुठलं थांबवतंय? मी उतरले, नमुन्यांची थंड पेटी खांद्याला अडकवली आणि तलावाच्या पाळीवरून गावाकडे निघाले.

मागे आरडाओरडा चालू होता...

"खोकला घेऊन जा गे नारबोद! हगवण घेऊन जा गे नारबोद!"

मी दहा-वीस पावलं गेले असेन.

आणि आवाज बंद झाला.

हळूहळू नाही. एकदम.

पाळीच्या खाली एक घर होतं. कुडाचं, बुटकं. दारात एक बाई उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. पायाशी पाच डबे. पांढरे, निळ्या झाकणाचे. आमचेच.

"घेऊन जा वो बाई..." ती म्हणाली.

आवाज बसलेला. ओठ हलताना दिसले म्हणून कळलं.

मी डब्यांकडे पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. एकावरही नंबर नाही.

"नंबर काहून नाही टाकले? काल कोण आलं होतं तुमच्याकडे?"

तिने पायाने डबे माझ्याकडे सरकवले.

"किती जण घरात?"

"पाच. घरधनी, मी, दोन पोरं... आन् ते लहानी."

शेवटचा डबा तिने बोटाने दाखवला. ते बोट मी पाहिलं. पाण्यात दिवसभर बुडवून ठेवल्यागत सुरकुतलेलं. डोळे आत गेलेले. गालफडं बसलेली. हे सगळं पुस्तकात असतं. शरीरातलं पाणी संपलं की माणूस असाच दिसतो. मी बॅगेतून ओआरएसची पुडी काढली.

"हे पाण्यात टाकून प्या. आन् आताच्या आता दवाखान्यात जा. जीव जाईल न तुमचा!"

"आता कायले?" ती म्हणाली. "तू फक्त घेऊन जा. नेतो म्हण."

मी वैतागले होते. उशीर होत होता.

"नेतो, नेतो. द्या."

मी स्वतःच डब्यांवर नंबर टाकला. चाळीस घरांना नंबर दिलेलेच होते, म्हणून हे एक्केचाळीस. झाकणांवर चिकटपट्टी लावली, वर सही केली, डबे थंड पेटीत ठेवले. एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकली होती...

माशी नव्हती.

सोळा वर्षांत असा डबा पाहिला नाही ज्यावर माशी बसली नाही. तिथे एकही नाही. वासही नाही. त्या घरात कोंबडी नाही, धूर नाही, लेकरांचा आवाज नाही.

मी वळले. आरडाओरडा पुन्हा कानावर आला.

बाकीची घरं आटोपून आम्ही परत निघालो. कारधा रस्त्यातच पडतं. मी दहा मिनिटं घरी थांबले. पेटी जीपमध्येच होती, लिलाधरभाऊ जवळच उभे होते. मी मागच्या अंगणात साबणाने हात धुतले, सासूबाईंच्या हातचा चहा घेतला, माझ्या गुड्डीची वेणी घातली आणि निघाले. गुड्डी सहा वर्षांची आहे. एकुलती एक.

लॅबमध्ये मी पेटी उघडली. एक्केचाळीस नंबरचे पाच डबे बाहेर काढले.

चार डब्यांत पाणी होतं. तांदूळ धुतल्यावर राहतं तसं पांढुरकं, त्यात बारीक कण. पक्की पटकी. तपासायची गरजच नव्हती.

पाचवा डबा... रिकामा.

पट्टी तशीच. त्यावर माझी सही तशीच. आत मात्र थेंब नाही. नुसता रिकामा नाही, पुसून घेतलेला. कडेला बोट फिरवून चाटल्यासारखा.

लहानीचा डबा.

बाईने रिकामाच दिला असेल, असं म्हणून मी तो बाजूला टाकला. सहीच्या आधी आत पाहिलं नाही, चूक माझी.

संध्याकाळी घरी आले. गुड्डी जेवायला बसेना.

"भूक नाही आई. मी सकाळी पेज पेली ना."

आमच्याकडे पेज म्हणजे तांदळाचं पाणी. पण त्या सकाळी घरात पेज झालीच नव्हती.

"कोणं देली तुले पेज?"

"तुह्यासोबत आली होती त्या बाईनं. तू हात धुऊन राहिली होती तवा. तुह्या मांगंच उभी होती."

माझ्या मागे...

"कायच्यात देली?"

"डब्यात. निळं झाकण होतं."

मी पुढचं विचारायला नको होतं. पण तोंडातून निघून गेलं.

"कशी लागली?"

"खारट," गुड्डी म्हणाली. "मासोळीवाणी."

मी मोरीत जाऊन ओकले. पोटात होतं नव्हतं ते सगळं. मग गुड्डीच्या घशात बोटं घातली. ती रडली, माझ्या हाताला चावली, पण काही निघालं नाही. सासूबाई शपथेवर सांगत होत्या की कोणी बाई आली नाही, त्या दारातच बसून होत्या. मंगेश, माझे मिस्टर, माझ्यावरच ओरडले.

"लेकराले काहून भेव घालून राहिली? तुह्या डोक्यात ते काम घुसलं आहे!"

तरी आम्ही डॉक्टरकडे गेलो. ताप नाही, पोट मऊ. लक्ष ठेवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झालं.

पहिली शी पिवळी होती. दुसरी पांढरी. तिसऱ्या वेळी मी पाहिलंच नाही, आवाजावरूनच समजलं. दोन तासांत माझ्या लेकीचे डोळे आत गेले. आवाज बसला. दवाखान्यात तिचा हात धरला तर बोटं सुरकुतलेली... मी ती बोटं ओळखली.

दोन्ही हातांना सलाईन. खाटेखाली बादली. बादलीत ते पाणी. मी हजारो वेळा पाहिलेलं पाणी, आणि मला उमासे येत होते. शिसारी म्हणजे काय, ते मला त्या खाटेजवळ कळलं.

तिसऱ्या दिवशी ती वाचली. देवाची आणि डॉक्टरांची कृपा. पण गोष्ट इथे संपत नाही.

अश्वजित सरांनी मला लॅबमध्ये बोलावलं. टेबलावर एक्केचाळीस नंबरच्या प्लेटा मांडल्या होत्या. जंतू वाढवून त्यावर औषधांच्या चकत्या ठेवतात. जे औषध चालतं त्याच्याभोवती जंतू मरतात, गोल मोकळी जागा दिसते. आजकालचा कॉलरा निम्म्या औषधांना दाद देत नाही. पण या प्लेटांवर प्रत्येक चकतीभोवती मोकळं मैदान होतं. प्रत्येक.

"या जंतूने आयुष्यात औषध बघितलेलंच नाही, ज्योत्सना." सर आनंदाने खुर्चीतून उठलेच. "आणि प्रकार बघ. जुना आहे. हा प्रकार आता कुठे सापडत नाही. कुठून आणलास?"

मग त्यांनी पाचवी प्लेट पुढे सरकवली.

"आणि ही गुड्डीची, दवाखान्यातून आलेल्या नमुन्याची. डिट्टो."

माझं लेकरू मरता मरता वाचलं होतं आणि हा माणूस लॉटरी लागल्यासारखा हसत होता. मला त्यांचीही किळस आली. मी म्हटलं, सर, जाळून टाका हे. त्यांनी माझ्यासमोर पाच बारक्या नळ्या उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. चार त्या घराच्या. पाचवी गुड्डीची. एका ओळीत, एकाच डबीत.

मी लिलाधरभाऊंना घेऊन त्या गावी गेले.

पाळीखाली घर नव्हतं. बेशरमाची झुडपं होती आणि वाळलेल्या पळसाच्या फांद्यांचा ढीग होता. नारबोदीचा. त्यात माझी ओआरएसची पुडी पडली होती, न फोडलेली.

लिलाधरभाऊ खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी मले वाटलं, तुम्ही फोनवर बोलून राहिल्या. मग तुम्ही त्या ढिगात हात घातला आन् डबे उचलले. मी म्हटलं, ठेवले असतीन कोणं."

गावात पार्वताबाई नावाच्या म्हाताऱ्या होत्या. नव्वदीच्या. मी सगळं सांगितलं. त्या पदराने नाक दाबून ऐकत होत्या.

"माह्या आजीनं सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "तिच्या वक्ताले मरी आली. पयले ह्याच एका घरात. गावानं त्यायले नारबोदीच्या दिसी शिवेबाहेर काढलं, पाचही जनायले. जित्ते होते वो! रोज पेज नेऊन ठेवू म्हनले. दोन दिवस नेली. मंग कोनी गेलंच नाही. मोठे मेले. लहानी लय दिवस जित्ती होती म्हनत. पाळीवरून आवाज ये, पेज द्या म्हने..."

त्यांनी पाळीकडे बोट केलं.

"दर साली ते बाई मांगते का कोनी तरी घेऊन जाव म्हून. आमी कोनी तिकडं पाहत नाही." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू नेतो म्हनली का वो?"

मी मान हलवली.

पार्वताबाई उठल्या आणि घरात गेल्या. मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

मी नोकरी सोडली. सर अजून फोन करतात, गुड्डीचा आणखी एक नमुना मिळेल का म्हणून. मी उचलत नाही.

गुड्डी ठणठणीत आहे. तिच्या शीची तपासणी तीनदा केली, तिन्ही वेळा काही सापडलं नाही. शाळेत जाते, खेळते.

पण खरं सांगते, कारण तेवढ्यासाठीच हे लिहायला बसले. ती पोर माझ्याजवळ आली की मला तो वास येतो. खारट. तिने उष्टं केलेलं पाणी माझ्याने पिववत नाही. ती झोपेत माझ्या गळ्यात हात टाकते आणि मी श्वास धरून पडून राहते. मी तिची आई आहे, मला मेलीला लाज वाटते. पण किळस येते. काय करू?

हे मी कोणाला बोलले नव्हते. मंगेशलाही नाही. गुड्डीला तर कधीच कळू दिलं नाही. तिचं ताट-वाटी घरातल्या सगळ्यांच्यातच आहे.

मागच्या महिन्यापासून ती घरात जेवत नाही.

कोणी सांगितलं नाही. रागावलं नाही. वाढलं की स्वतःचं ताट उचलते आणि बाहेर पायरीवर जाऊन बसते. मी म्हटलं, काहून व, आत ये ना. तर म्हणाली, "राहू दे आई, मी बाहीरच बरी."

काल मी दाराआडून पाहिलं.

पहिला घास घ्यायच्या आधी ती पायरीवर थोडी सरकली. चार जण बसतील एवढी.