खिडकीकडे बोट

"आईला वहिनीनंच मारलं. अर्कात पाणी घालून!" ताईनं आल्या आल्या तोंड उघडलं ते असं. "भाऊ तिला आज घराबाहेर काढतोय. मला फक्त पुरावा द्या."

शोधाची कामं घेणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्यांचे जोडीदार निवृत्त फौजदार. अंगानं दांडगे, डोक्यानं जरा निवांत. दोघं ताईबरोबर निघाले.

आई जन्मभर पानांचे अर्क काढायची. झटक्यानं वाचा गेली, अर्धं अंग लुळं पडलं, तरी हृदयासाठी स्वतःच्या हातचेच थेंब घ्यायची. शेवटी तेही लागू पडेनात.

खाटेसमोर खिडकी होती, आणि खिडकीच्या कट्ट्यावर साध्या काचेची बाटली. आतला अर्क वाळक्या गवताच्या रंगाचा. दाराशी वहिनीची भरलेली बॅग.

"थेंब कोण द्यायचं?" मावशींनी विचारलं.

"मीच." वहिनीचे डोळे रडून सुजले होते. "त्यांनी मला लेकीसारखं वागवलं हो. मी कशी पाणी घालीन?"

"कानामागून आली आणि तिखट झाली!" ताई फणकारली. "मी काय कमी केलं? कपाटातल्या तपकिरी बाटलीतून या साध्या बाटलीत ओतून ठेवलं, किती उरलं ते लांबून दिसावं म्हणून. आई सारखी खिडकीकडे बोट दाखवायची. उजेड हवा असेल म्हणून मी पडदा पार सारायचे. तरी बोट खाली येईना. रडायची नुसती."

मावशी खिडकीपासून वळल्या. मग त्यांनी आईचं कपाट उघडलं. आतून काळं रंगवलेलं, सगळ्या बाटल्या तपकिरी.

"धडधाकट होती तोवर याला ती कुणाला हात लावू द्यायची नाही," ताई म्हणाली.

त्याच अर्काची मोठी बाटली मावशींनी पेल्यात कलती केली. गडद हिरवे थेंब पडले. वर पाणी घालताच ते दुधाळ झाले.

"विष!" फौजदार ओरडले.

"गप्प बसा हो! पाणी घातलं की हा अर्क फुटतो. आता कट्ट्यावरची बाटली बघा. फिकट आहे, पण नितळ. यात कुणीही पाणी घातलेलं नाही."

"मग रंग कुठे गेला?"

"उन्हानं खाल्ला. रंगाबरोबर गुणही गेला. जन्मभर अर्क काढणारी बाई कपाट आतून काळं का रंगवते? काळोखाशिवाय तो टिकत नाही म्हणून."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी..." फौजदारांची नजर ताईकडे गेली आणि त्यांनी जीभ चावली.

ताई कट्ट्यावरच्या बाटलीकडे वळली. "आईचं ते बोट..."

"बाटलीकडे होतं, बाळ." मावशी म्हणाल्या. "ती उजेड मागत नव्हती. पडदा ओढ, म्हणत होती."

ताई खाटेवर मटकन बसली. मग ती कशीबशी उठली, खिडकीपाशी गेली आणि तिनं पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून घेतला.

"ओढला गं आई," ती रिकाम्या खाटेकडे बघत म्हणाली. "बघ ना, ओढला."

बॅग तशीच दाराशी टाकून वहिनी धावली आणि तिनं ताईला कुशीत घेतलं.