निकाल खराब यावा म्हणून

चिखलाने माखलेला एक पिवळा बूट.

वर्षानुवर्षं बंद असलेली खिडकी.

शेणखताचं रिकामं पोतं.

"अहो, पाय!"

वरचा थर

"अहो, पाय उचला! झेंडूवर उभे आहात."

तो दचकून मागे सरला, तो थेट दुसऱ्या झेंडूवर.

"तिथेही आहे!" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुम्ही माती तपासायला आलात की तुडवायला?"

"तपासायला... पण तुमची परवानगी असेल तर एका पायावर उभा राहून तपासतो."

ती हसली नाही. म्हणजे, त्याच्यासमोर तरी नाही.

तिची छोटीशी रोपवाटिका होती आणि तिच्यामागे चकाकीचा कारखाना. तिथे पूर्वी नळांना, कड्या-कोयंड्यांना मुलामा चढवत, आणि उरलेलं तेजाब मागच्या जमिनीत सोडून देत. कारखाना बंद पडला, पण जमिनीतलं विष गेलं नाही. त्या वासापायी रोपवाटिकेलगतच्या तिच्या घरात आईच्या खोलीची खिडकी कधी उघडत नसे. आता सरकारने अशा जागा साफ करायला निधी ठेवला होता. अट एकच होती, माती खरोखर विषारी आहे हे तपासणीत सिद्ध व्हायला हवं. नाहीतर मालक वरून काँक्रीट ओतून गोदाम बांधणार होता. मग विष कायमचं खालीच राहिलं असतं. गल्लीच्या वतीने अर्ज तिनेच केला होता आणि ती हटणाऱ्यातली नव्हती.

तो प्रयोगशाळेतून आलेला. गल्ली त्याला ड्रिलवाला म्हणायची. नकाशावर जिथे खूण होती तिथेच त्याने यंत्र रोवलं, हातभर खोल. माती बरणीत भरताना त्याने एकदा वर पाहिलं... आणि बरणी भरून सांडायला लागली.

त्याखाली

"निकाल आला." त्याचा चेहरा पडलेला.

"सांगा की."

"माती स्वच्छ आहे."

"स्वच्छ? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"मलाही पटत नाहीये. पण विषाचा मागमूस नाही. उलट उत्तम शेणखत सापडलं."

ती पुटपुटली, "ती... माझी माती आहे."

"म्हणजे?"

"टेम्पोने आणून कारखान्याच्या जमिनीवर टाकलेली. तो उजाडपणा बघवत नव्हता, म्हणून झेंडू लावले."

"म्हणजे मी तुमची कुंडी तपासून आलो!" तो खो-खो हसला. तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं तसं त्याने हसू आवरलं.

"तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे," ती म्हणाली. "मग लिहून टाका ना — खराब."

"नाही."

"माझ्यासाठीसुद्धा?"

"तुमच्यासाठी तर मुळीच नाही. खोटं उघडं पडलं तर ही जागा पुन्हा कुणी विचारात घेणार नाही." त्याने वाफ्यांकडे बोट दाखवलं. "मूळ जमीन उघडी करा. फेरतपासणी मागता येते."

तिने बहरलेल्या वाफ्यांकडे पाहिलं. मग फावडं उचललं.

"अगं, फुलं तरी आधी काढून घे!" आई आतून ओरडली.

मूळ जमीन

सुट्टीच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि सरळ वाफ्यात उतरला.

"तुम्ही कसे खणता?" ती हातमोजे पुढे करत म्हणाली. "तपासणारे तुम्हीच ना?"

"आता नाही. दुसऱ्या मॅडम येतील. मी साहेबांना सांगितलं, मला या कामातून काढा."

फावडं तिच्या हातात थबकलं. "का? माझा राग आला?"

"नियम आहे. तपासणारा तटस्थ असावा लागतो." तो मातीकडे बघत म्हणाला. "साहेबांना सांगितलं, मी तटस्थ राहिलेलो नाही."

"कशाच्या बाबतीत?"

"मातीच्या बाबतीत अजून आहे..."

वारा होता, तरी तिचे कान तापले. "मग खणा," ती म्हणाली. "आणि हे अहो-जाहो पुरे आता. खण."

ढेकळं उपसता उपसता दोन फावडी एकमेकांवर आपटली. कुणीच आपलं मागे घेतलं नाही. संध्याकाळी खाली काळपट, उग्र वासाची माती लागली. तिने नाक दाबलं आणि हसून त्याच्याकडे पाहिलं, घबाड सापडल्यासारखं.

मॅडमचा निकाल आला त्या दिवशी ती भर रस्त्यात धावत सुटली. "खराब! भयंकर खराब!"

त्याने तिला उचललंच. "अर्ज मंजूर?"

"मंजूर! आणि... मीही तटस्थ नाहीये रे."

"काय बाई माणसं," आई दारातून म्हणाली. "खराब निकाल आला म्हणून नाचतात!"

कारखाना चालू होता तेव्हा तिथे कुंपण नव्हतं. शाळा सुटली की गल्लीतली सगळी मुलं त्याच मातीत खेळायची, तीसुद्धा.