अकराव्या महिन्यातला वळीव

मे संपायला चार दिवस होते आणि दुपारी तीनलाच शिरवण्यावर संध्याकाळ पडली. पहिला गडगडाट झाला, लाईट गेली, आणि उन्नतीच्या अर्धवट उघड्या दारातून एक कुत्री सुसाट येऊन पलंगाखाली शिरली.

तिच्यामागून भाडेकरू आला. इंद्रजित. कराडकडचा, तुर्भ्याच्या कारखान्यात सुपरवायझर. जिन्यात त्याचं बिऱ्हाड दोरीनं बांधून तयार होतं. टेम्पो पाचला यायचा होता.

"चिंगी आलीय का हो?"

"आलीय. सरपंचाशेजारी बसलीय."

सरपंच म्हणजे उन्नतीचा चौदा वर्षांचा कुत्रा. आभाळ कोसळलं तरी तो हलायचा नाही, म्हणून गल्लीत त्याचा मोठा दरारा. खरं म्हणजे तो ठार बहिरा होता. चिंगीला हे कुणी सांगितलं नव्हतं... ती त्याच्या पोटाला चिकटून थरथरत होती.

"गडगडायचं थांबल्याशिवाय निघायची नाही ती."

"मग बसा. आईबाबा पनवेलला लग्नात अडकलेत."

तो सोफ्याच्या अगदी कडेवर, भाडेकरूला शोभेल इतकाच बसला. अकरा महिन्यांत दोघं फक्त पाण्याच्या पंपावर बोलले होते. पंप बंद करायची आठवण करून द्यायला तो रोज खाली यायचा. पंप आपोआप बंद व्हायचा — हे दोघांनाही ठाऊक होतं.

वाऱ्यानं खिडकी धडधडली. दोघं एकदमच उठले. सरकती काच अडकली होती. चार हातांनी ढकलावी लागली. बंद झाल्यावरही हात लगेच निघाले नाहीत.

"एक विचारू?" तो काचेकडे बघत म्हणाला. "अॅग्रीमेंट का नाही वाढवलंत? माझं काय चुकलं?"

"बाबांचा नियम आहे ना."

तिच्या बाबांचा, म्हणजे घरमालक देवजींचा, नियम अख्ख्या बिल्डिंगला पाठ होता — "अकरा महिनं झालं का मानूस बदलाचा. जुना झाला का चिकटतं!" पण वरच्या मजल्यावरचे भाडेकरू चंद्रशेखर सहा वर्षं चिकटलेले होते.

"खरं सांगा की."

"बाबा वाढवणार होते... मीच नको म्हटलं."

वीज चमकली. त्या उजेडात त्याचा चेहरा नको इतका स्पष्ट दिसला.

"म्हणजे मीच नको होतो."

"भाडेकरू म्हणून नको होतात!" ती फरशीला म्हणाली. "तुम्ही वर राहताना मी काही बोलले असते, तर गल्ली म्हणाली असती, याचा डोळा बिल्डिंगवर. आणि तुम्ही? मालकाच्या मुलीला नाही म्हणायची हिंमत झाली असती?"

"मला नाही म्हणायचंच नव्हतं ओ."



"म्हणून म्हटलं," ती हळूच म्हणाली, "एकदा तुम्ही करंजाड्याला ठरवलेल्या नव्या खोलीत गेलात, की मग —"

"ती खोली सोडली मी. कराडला बदली मागून घेतली." तो कसंनुसं हसला. "म्हटलं, यांना नकोय, तर जवळ राहून काय करायचं?"

उन्नतीची योजना चोख होती. ती फक्त एका माणसाला सांगायची राहिली होती.

"आता... थांबवता नाही येणार?"

"माझ्या जागेवर माणूस आलासुदा. सोमवारी तिकडं हजर व्हायचंय."

पाऊस ओसरला. तो आत्ताच ओसरायची काही गरज नव्हती. चिंगी बाहेर आली, अंग झटकलं. खाली हॉर्न वाजला. "ओ साहेब, चला लवकर! हायवेला पानी भरतंय!"

पट्टा बांधायला त्याला फार वेळ लागला.

"मी फोन करीन."

"तुम्ही नका करू. नंबर द्या."

"माझा? आहे की तुमच्याकडं."

"तुमचा नाही. आईंचा."

तो पट्टा धरून दारातच उभा राहिला. "आईला... काय सांगणार?"

"ते मी आणि त्या बघू. सांगा."

टेम्पोवाला आता शिव्यांवर आला होता. इंद्रजित एकेक आकडा सांगत गेला. सातव्यावर त्याचा आवाज गेला, आणि उन्नतीनं तो आकडा दोनदा विचारून घेतला.