वहिनीने टोमणा मारला नाही

तुम्ही तिला हसलात, साहेब! इस्पितळाच्या चौकशी समितीत, लांबलचक टेबलाच्या पलीकडे चष्मे कपाळावर चढवून बसलात आणि एका सर्जन बाईला तोंडावर हसलात. "पोट उघडायचं कारण काय?" असं तुम्हीच विचारलंत, आणि तिने खरं तेच सांगितलं, "रिपोर्ट स्वच्छ होते. पण वहिनीने मला टोमणा मारला नाही."

त्या एका वाक्यामागे अख्खं घर उभं होतं. ते ऐकायला तुम्हाला वेळ नव्हता... आता ऐका!

आईवडिलांमागे दादाने तिला वाढवलं, डॉक्टर केलं. त्याच घरात वहिनी आली, आणि तिची जीभ म्हणजे कात्री! "या डॉक्टरीणबाई! जगाला बरं करता, आमच्या घरातली चार भांडी तेवढी तुम्हाला घासता येत नाहीत!" वर्षानुवर्षं हेच. ती जळफळायची, पण ते ऐकल्याशिवाय तिला चैनही पडत नसे.

त्या दुपारी वहिनी पोट धरून इस्पितळात आली. रक्त ठीक, सोनोग्राफी ठीक, स्कॅन ठीक. नाडी किंचित जलद, बस. ती खाटेशी टोमण्याची वाट बघत उभी राहिली... आणि वहिनीने तिचा हात हातात घेतला.

"दमलीस का गं बाळ? जेवलीस?"

तिच्या काळजात चर्र झालं! आतून विझत चाललेली माणसं अशीच अकस्मात मृदू होताना तिने पाहिली होती, आणि यंत्रांना पत्ता लागेस्तोवर उशीर झालेलाही पाहिला होता.

"वहिनी, रिपोर्टमध्ये काही नाही. पण मला भीती वाटतेय. पोट उघडून बघायला हवं. मी चुकतही असेन."

"तुला वाटतंय ना? मग उघड."

हेही वहिनीसारखं नव्हतं! दुसरा सर्जन संध्याकाळशिवाय येणार नव्हता. ती थांबली नाही.

आत काही नव्हतं... काहीच नव्हतं!

"माझ्या बायकोला उगाच कापलीस!" दादा ओरडला. "पुन्हा माझ्या दारात उभी राहू नकोस!" ज्या हातांनी तिला चालायला शिकवलं, त्याच हातांनी त्याने दार लावलं.

मग तुमच्यातल्याच एकाने तिला जिन्यात गाठलं, आठवतंय? "स्कॅनमध्ये सावली वाटली म्हणा. प्रकरण मिटेल."

"आणि स्कॅन स्वच्छ म्हणणाऱ्या डॉक्टरचं काय?"

"त्याचं तो बघेल."

"सावली नव्हती!" ती कडाडली. "मला खात्री नव्हती, मला भीती वाटली. उद्या तशीच वाटली तर पुन्हा उघडीन!"

तुम्ही तिचं ऑपरेशन थिएटर बंद केलंत. शेवटच्या बैठकीला तिला खुर्चीसुद्धा दिली नाहीत. आणि तेवढ्यात एका हाताने टाके सांभाळत वहिनी आत शिरली, मागे मान खाली घातलेला दादा.

"अगं ए डॉक्टरीणबाई! जन्मात एकदा माया केली तुझ्यावर, तर तू माझं पोटच फाडलंस?"

"म्हणजे...?"

"पोट दुखत होतं, तेव्हा वाटलं, उद्याचा काय भरवसा, कशाला हिला सारखं टोचायचं? आजपासून गोड बोलू. पहिल्याच दिवशी टाके!"

आता तिला उमगलं. ते वात्सल्य होतं... आणि तिने त्याला मरणाची खूण समजलं होतं!

"वहिनी, चुकले गं मी!"

"चुकलीसच! पण माझी जीभ थंडावली म्हणून जिचा जीव घाबरावा, असं मला दुसरं आहे कोण? तुझ्या दादाला तरी कळलं का?"

दादाचे डोळे भरून आले. "पोरी, घरी चल," तो म्हणाला.

मग वहिनी तुमच्याकडे वळली.

"टाके माझे, म्हणून प्रश्नही माझा. कागद म्हणतोय ठीक, आणि खाटेवरचं माणूस नेहमीसारखं वागत नाहीये. खात्री नाही, वेळ नाही. तुम्ही काय कराल? आणि थांबलात अन् ते माणूस गेलं, तर त्याच्या घरच्यांना कुठला कागद दाखवाल?"

आता कोणी हसलं नाही. तुम्ही चष्मे डोळ्यांवर ओढलेत आणि छताच्या पंख्याकडे बघत बसलात.

ती बाई टाक्यांवर हात ठेवून अजून उभी आहे, साहेब. उत्तर द्या!