भुंग्या आणि आयरिसची दाढी

"हे फूल खोटं आहे," भुंग्या पुन्हा म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. भुंग्या म्हणजे बोटाच्या पेराएवढा उडता यंत्रमानव. मंगळावरच्या आमच्या वसाहतीत मधमाश्या नाहीत. पराग (फुलातली भुकटी) या फुलावरून त्या फुलावर न्यायचं काम त्याचं. काचपेटीत दोन आयरिस फुलले होते, एक जांभळा, एक पिवळा. उद्यापर्यंत मलूल होणार. बाहेरची बुरशी आत जाते म्हणून पेटीत हात घालायला बंदी; आत असतो तो फक्त भुंग्या. आणि माझ्या लेकीला, निहाराला, त्यांचं बी हवंच होतं.

"खोटं कसं रे? डोळ्यांदेखत उमललंय!"

"मधोमध पुंकेसर (पराग तयार करणारा भाग) नाहीत. पाकळ्या नऊ. बाई, फूल असं नसतं."

"याला शिकवलं कोणी?" निहारा खिदळली.

मीच, जास्वंद दाखवून. शाळेत सगळे जास्वंद कापूनच फूल शिकतात. जास्वंदीचे पुंकेसर मधल्या दांडीवर, उघड्यावर.

"काचेला नाक लावू नकोस गं, वाफ धरतेय!"

"पण आई, खाली लोंबणाऱ्या पाकळीवर केस आहेत. केशरी दाढी! ती आत कुठे जाते?"

मी भिंग सरकवलं आणि बघतच राहिले. लोंबणाऱ्या तीन पाकळ्या नव्हत्याच; ती रंगीत निदलं (कळीचं बाहेरचं आवरण). उभ्या तीन, त्याच खऱ्या पाकळ्या.

"मग मधल्या तीन?"

"ती दाढीवर वाकलेली छपरं. प्रत्येकाच्या खाली एक पुंकेसर लपलाय. आणि छपराच्या टोकाशी ओठासारखी कड दिसते? ती कुक्षी (पराग स्वीकारणारा भाग). मधमाशी दाढीवरून आत शिरते, तेव्हा पाठीवरचे दुसऱ्या फुलाचे पराग त्या कडेला लागतात. आणखी आत गेली की नवे पराग पाठीला चिकटतात. परतताना कड मिटते, म्हणून स्वतःचेच पराग सहसा लागत नाहीत."

"भुंग्या, दाढीवर उतर!" निहारा ओरडली.

"आत अंधार आहे."

"जा म्हणते ना!" मीही ओरडले.

तो कुरकुरत शिरला. बाहेर आला तेव्हा पाठ पांढुरकी झाली होती.

"पुंकेसर सापडला. अहवाल देऊ?"

"अहवाल राहू दे! आधी पिवळ्यावर जा!"

तो पिवळ्याच्या दाढीवर उतरला आणि छपराखाली घुसला. भिंगातून पाहिलं, कडेवर भुकटी लागली होती. मग मीच काचेला नाक लावलं.

"आता बी पिवळं की जांभळं?"

"बी नाही गं, फूल! आणि ते आत्ताच नाही सांगता येत. या लागवडीच्या जाती कित्येक पिढ्या एकमेकींत मिसळून केल्यात, त्यामुळे बियांपासून वाढलेलं प्रत्येक रोप वेगळं. हुबेहूब तोच रंग हवा तर मूलक्षोड (हळकुंडासारखं आडवं खोड) तोडून लावतात. बियांचं फूल बघायला पृथ्वीवरची दोन-तीन वर्षं लागतील."

"इथलं वर्ष जवळजवळ दुप्पट! म्हणजे फार तर दीडच!" म्हणत तिनं काचेसमोर मांडी घातली.

"आत्तापासून?"

"श्श! तुझ्या श्वासानं वाफ धरतेय."