मार्चचा अंक कुठल्या पोत्यात?

"मार्चचा अंक गेला कुठे?" आजोबांनी कापऱ्या आवाजात शाल्मलीला विचारलं.

साल २०४१. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात 'पर्णविचार' या संशोधन-नियतकालिकाच्या १९९४ सालच्या खोक्यात फक्त जानेवारीचा अंक उरला होता. आजोबा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांना एका कड्यावर सापडलेल्या दुर्मीळ नेच्याचं चित्र आणि त्याची नेमकी जागा मार्चच्या अंकात छापलेली होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती. पाचच्या आत ते पान रस्ता आखणाऱ्यांना दाखवलं नाही, तर तो कडाच फोडला जाणार होता.

आणि घोळ शाल्मलीचाच! सुटीत ग्रंथालयात मदतीला आलेल्या या बाईसाहेबांनी सकाळी यंत्रमानव नोंद्याला ऐटीत फर्मावलं होतं, "एकाच क्रमांकाच्या जादा प्रती रद्दीच्या पोत्यांत टाक."

"सांगितलंत तसंच केलं," नोंद्या म्हणाला. "सगळ्यांचा क्रमांक एकच होता."

"असा कसा? बारा महिन्यांचे बारा अंक ना!"

आजोबांनी जानेवारीच्या मुखपृष्ठावरचा बारकोड (जाड-बारीक रेघांत लिहिलेला क्रमांक) दाखवला. "हा छापखान्यातूनच आलेला. नोंद्याने वाचला तो क्रमांक नियतकालिकाचा, अंकाचा नव्हे. तुमच्या सगळ्यांच्या गणवेशावर शाळेचं नाव असतं, त्यावरून शाल्मली कोणती ते कळतं का? म्हणून ग्रंथालयाने प्रत्येक अंकाला वेगळ्या क्रमांकाची चिठ्ठी लावायची असते. ते काम इथे राहूनच गेलं."

बाहेर चाळीस पोती ट्रकमध्ये चढत होती. शाल्मलीला रडूच कोसळलं. हुंदके देतच तिने विचारलं, "नोंद्या, प्रत्येक अंक वाचताना तू काय टिपलंस?"

"क्रमांक, वेळ आणि पोतं. ठेवून घेतलेल्या पहिल्या अंकापुढे 'खोका'."

नोंद्याच्या पडद्यावर नोंदी उमटल्या. क्रमांक तोच, वेळा वेगळ्या. "अंक महिन्यांच्या क्रमाने लावलेले होते! पहिली नोंद जानेवारीची, तिसरी मार्चची. पोतं नववं!" शाल्मली ओरडली.

नववं पोतं उपसलं. निघाला एप्रिल. शाल्मलीने नोंदी पुन्हा मोजल्या. "आजोबा, या अकराच आहेत!"

आजोबांनी कपाळावर हात मारला. "अगं, फेब्रुवारीचा अंक टपालातच गहाळ झाला होता! तो इथे कधी आलाच नाही."

"म्हणजे मार्च दुसरा! पोतं आठवं! ट्रक थांबवा हो!"

नोंद्या ट्रकवर चढला. आठव्या पोत्याच्या तळाशी मार्चचा अंक होता. कोपरा दुमडलेला, पण नेचा शाबूत.

आजोबा निघणार तोच शाल्मलीने अंक मागून घेतला आणि त्यावर नव्या क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली.

"याची जागा काय लिहू?" नोंद्याने विचारलं.

"लिही, चार वाजून वीस मिनिटं, आजोबांच्या हातात."

"परत कधी येणार?"

"कडा वाचला की," म्हणत आजोबा धावलेच.

सहा वाजता त्यांचा फोन आला. रस्ता कड्याला वळसा घालून जाणार होता. शाल्मलीने डोळे पुसले, पोत्यांतून परत आणलेल्या अंकांतला एप्रिलचा अंक पुढे ओढला आणि दुसरी चिठ्ठी काढली.