घरी कोण कोण आहे?

"पाणी नको. बाटली आहे माझ्याकडे," धाकटीने दारातूनच सांगितलं, आणि ताईने पुढे केलेला भरला पेला तिच्या हातातच राहिला.

साधंच वाक्य. शेजारणीने म्हटलं असतं तर ताईला काही वाटलंही नसतं. पण जिची वेणी घालून दिली, जिला मांडीवर बसवून पाढे शिकवले, आई गेल्यावर जिच्यासाठी आपणच आई झालो, ती आज अकरा वर्षांनी घरी आली होती... आणि तीही कामानिमित्त, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र अडकवून! ताईने पेला ओट्यावर ठेवला आणि स्वच्छ असलेला ओटा फडक्याने पुन्हा एकदा पुसला.

ती या दोघींपैकी थोरली असली तरी आता साऱ्या वस्तीचीच ताई झाली होती. क्षयाच्या रुग्णांच्या घरी रोज जायचं, गोळ्या द्यायच्या, त्या डोळ्यांदेखत गिळायला लावायच्या आणि मगच कार्डावर खूण करायची, हे तिचं काम. वस्तीतला हा दवाखाना एका धर्मादाय संस्थेचा. त्याच्या पाठोपाठ संस्थेने मुलींचं वसतिगृह काढलं, कारण जिथे एका खोलीत सात माणसं झोपतात आणि खिडकी म्हणून भिंतीतली एक वीट काढलेली असते, तिथे नुसत्या गोळ्या वाटून आजार हटत नाही, हे संस्थेच्या लोकांना फार लवकर उमगलं होतं. धाकटी त्याच वसतिगृहात वाढली, पुढे खूप शिकली आणि आता संस्थेच्या मुख्य कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर होती.

घरोघरी फिरणं बंद करून रुग्णांनी फोनच्या कॅमेऱ्यासमोर गोळी घ्यावी असा विचार चालू होता, आणि तो कितपत जमेल हे पाहायला ती आली होती. नेमकी हीच वस्ती तिच्या वाट्याला आली, की तिनेच मागून घेतली, हे विचारायचं धाडस ताईला झालं नाही.

"निघायचं का? तुम्ही रोज किती वाजता सुरुवात करता?" धाकटीने वही उघडत विचारलं.

तुम्ही! पण ताई हसली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "चल, शिंप्याचं घर पहिलं."

शिंपी मशीनवरच बसला होता. त्याने गोळ्या तोंडात टाकल्या, वर पाणी प्यायला. ताईने त्याच्याकडे रोखून पाहत विचारलं, "घरी कोण कोण आहे?" शिंप्याने शाळेत हजेरी द्यावी तसं सांगून टाकलं, की बायको आहे, दोन मुली आहेत, आणि सासू आहे ती जायचं नाव घेत नाही. आतून सासूबाईंचं खाकरणं ऐकू आलं, तसा तो पुन्हा मशीनकडे वळला. ताईने खूण केली. पुढच्या घरी बस धुणारी बाई होती, तिलाही तोच प्रश्न. तिच्यापुढच्या घरीही तोच.

"हा प्रश्न तर फॉर्ममध्ये नाही," बाहेर पडल्यावर धाकटी म्हणाली.

ताईने समजावलं. गोळ्या मोठ्या, कडू, मळमळ आणणाऱ्या. चार दिवस बरं वाटलं की माणसं त्या गालात दडपून ठेवतात आणि पाठ वळली की थुंकतात. तोंडात गोळी असली की धड बोलता येत नाही, म्हणून बोलायला लावायचं. आणि बोलायचंच आहे तर घरच्यांची नावं का घेऊ नयेत... ज्यांच्यासाठी बरं व्हायचं त्यांची आठवण झाली की माणूस दुसऱ्या दिवशी गोळी चुकवत नाही. ही रीत तिची नव्हे, दवाखान्यातल्या जुन्या कंपाउंडरकाकांची. धाकटीने ते वहीत लिहून घेतलं. काका शेवटच्या घरी भेटतील, एवढं सांगताना मात्र ताईचा आवाज अडखळला.

कारण सव्वीस वर्षांपूर्वी या काकांनीच ताईलाही गोळ्या दिल्या होत्या, आणि ते धाकटीला ठाऊक नव्हतं.

एकोणीस वर्षांची होती ती तेव्हा. आईला जाऊन वर्षही उलटलं नव्हतं, आणि ज्या खोकल्याने आई गेली तोच खोकला हिच्या छातीत येऊन बसला. धाकटीच्या छातीचा फोटो स्वच्छ आला, हीच काय ती देवाची कृपा. डॉक्टरांनी सांगितलं, पोरीला या खोलीत ठेवू नका, आणि संस्थेने आठवड्याच्या आत वसतिगृहात जागा दिली. पण त्या दहा वर्षांच्या जिवाला खरं सांगायचं कसं? तिने आईला जाताना पाहिलं होतं. खरं कळलं असतं तर ती पहिल्याच दिवशी भिंतीवरून उडी मारून ताईच्या कुशीत शिरली असती. रडकं मूल घरी पळून येतं, रागावलेलं मूल हट्टाने अभ्यास करतं, असा हिशेब त्या अजाण बहिणीने केला आणि फाटकापाशी तिचा हात सोडवत, काळीज दगडाचं करून ती म्हणाली, "मला आता तुझं ओझं होतंय. इथेच राहा. मी यायची नाही."

पुढचे आठ महिने ती खरंच गेली नाही. बरी झाल्यावर धावतच गेली, तेव्हा वसतिगृहाच्या बाईंनी आतून निरोप आणला, की तिला भेटायचं नाही. नंतर पत्रं आली, चौकशा आल्या, कधी उभ्या उभ्या भेटीही झाल्या, सगळं रीतसर. माया तेवढी आली नाही. खरं कितीदा ओठांवर आलं... पण आता सांगणं म्हणजे उपकार मोजून दाखवण्यासारखं होईल, असं वाटून ताई गप्प राहिली. पोरगी शिकली, तिला आजार शिवला नाही, यातच तिने स्वतःला कृतार्थ मानून घेतलं होतं.

कंपाउंडरकाका आता ऐंशीच्या पुढचे. ज्या दुखण्यावर जन्मभर इतरांना गोळ्या दिल्या, त्यानेच म्हातारपणी त्यांना गाठलं होतं. कान पार गेलेले, पण डोळे आणि आठवण शाबूत. त्यांनी गोळ्या गिळल्या आणि ताईने विचारायच्या आत स्वतःच सांगितलं, "घरी मी एकटाच. पण तू येतेस ना रोज, म्हणजे दोघं धर." मग त्यांची नजर मागे उभ्या असलेल्या धाकटीकडे गेली. बराच वेळ ते निरखत राहिले.

"ही तीच ना? पाचवीतली?"

"काका, मुख्य ऑफिसातून आल्यात त्या," ताई घाईघाईने मोठ्याने म्हणाली. पण ज्यांना ऐकूच येत नाही त्यांना अडवायचं कसं?

"तीच!" काका आनंदाने म्हणाले. "अगं पोरी, तुला मी सगळ्यांत जास्त ओळखतो. ही तुझी बहीण आठ महिने माझ्यासमोर गोळ्या घ्यायची. उलट्या व्हायच्या, पायांत त्राण नसायचं, तरी एक दिवस चुकली नाही. मी विचारायचो, घरी कोण कोण आहे? रोज एकच उत्तर. माझी धाकटी आहे, पाचवीत आहे, सध्या होस्टेलवर आहे. घरात तर कुणीच नव्हतं गं... मी म्हणायचो, घरी कोण ते सांग. तर म्हणायची, तीच. सध्या होस्टेलवर आहे."

धाकटीच्या हातातली वही मिटली गेली होती. ती ताईकडे पाहत होती, आणि ताई कार्डावरच्या खुणेकडे, जणू ती खूण चुकली तर आभाळ कोसळणार होतं.

दोघी परत निघाल्या. गल्लीतल्या नळापाशी बायका भांडत होत्या, त्यांनी ताईला पंच म्हणून हाक मारली, पण ती थांबली नाही. घरात शिरल्यावर धाकटी खुर्चीवर न बसता लहानपणीसारखी ओट्याला टेकून उभी राहिली.

"मी दर रविवारी फाटकाजवळच्या बाकावर बसायचे," ती म्हणाली. "स्वतःची वेणी स्वतः घालून. तू म्हणाली होतीस येणार नाही, तरी बसायचे. आठ महिन्यांनी तू आलीस, तेव्हा वाटलं आता आपण बसायचं नाही, हिला बसू दे." तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून ओट्यावर ठेवलं. "तू का नाही सांगितलंस, ताई? मी दहा वर्षांची होते, पण ओझं काय असतं ते मला कळत होतं. तेच घेऊन फिरले मी सव्वीस वर्षं."

"चुकलं माझं," ताई म्हणाली. एवढ्या वर्षांत मनाशी रचलेली सगळी वाक्यं जागच्या जागी विरून गेली. "तू जगावीस एवढंच कळत होतं तेव्हा. तुला काय वाटेल, ते कळायची अक्कल नव्हती."

"जगले की. तुझ्यामुळेच." धाकटीने डोळे पुसले. "आणि मी मात्र जगाचे आभार मानत फिरले. संस्थेचे, बाईंचे, डॉक्टरांचे... त्यांचे मानायलाच हवेत, त्यांनी दार उघडलं. पण त्या दारापर्यंत मला आणून सोडणारी तू होतीस, आणि तुझे मी एकदाही मानले नाहीत."

ताईने नेहमीप्रमाणे फडकं उचललं, तेव्हा धाकटीचं लक्ष फळीवरच्या गोळ्यांच्या पाकिटाकडे गेलं. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, आणि आजची जागच्या जागी होती.

"सगळ्या वस्तीला गिळायला लावतेस, आणि स्वतःची?"

"विसरते गं. मला कोण विचारतंय?"

धाकटीने गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. खांद्यावरची आपली बाटली उघडून तिच्या हातात दिली, आणि ताई पाणी पिईपर्यंत समोर उभी राहून पाहत राहिली. मग ओट्यावर सकाळपासून भरून ठेवलेला पेला तिने उचलला आणि स्वतः एका दमात रिकामा केला.

"घरी कोण कोण आहे?" तिने विचारलं.

ताईच्या ओठांतून शब्द फुटेना.

"गालात ठेवलीस वाटतं," धाकटी हसत म्हणाली, पण तिचेही डोळे पुन्हा भरले होते. "बोल ना गं. त्याशिवाय मी खूण करायची नाही."

"मी आहे," ताई म्हणाली, आणि मग सव्वीस वर्षं रोज मनातल्या मनात म्हटलेलं ते उत्तर तिने पहिल्यांदाच बदललं. "आणि माझी धाकटी आहे. घरीच आहे."